वन्संची किडनी आणि माझा पहारेकरी

माझ्या पोटात उजव्या बाजूला, कमरेच्या हाडाच्या खोबणीत, माझी नणंद बसलेली आहे. अख्खी नाही, मुठीएवढी. पण ही बाई जिथं मुठीएवढी शिरते तिथं अख्खीच शिरली असं धरून चालायचं, हे मी चाळीस वर्षांच्या अनुभवानं सांगते.

झालं असं, की माझ्या दोन्ही किडन्यांनी एकदमच अंग काढून घेतलं. शर्टांच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं चेकर होते. उसवलेली शिवण, वाकडी कॉलर, चुकलेलं काज, काही म्हणून माझ्या नजरेतून सुटायचं नाही. माझ्या हातून पास झालेला शर्ट म्हणजे त्यात माणूस झिजेल, शर्ट नाही. आणि माझ्याच आत काय काय उसवत गेलं त्याचा मला पत्ता नाही! पाय सुजले, तोंडाची चव गेली, जिना चढताना मधल्या पायरीवर बसावं लागायला लागलं. डॉक्टरीणबाईंनी कागद बघितले आणि म्हणाल्या, "दुसऱ्याची किडनी बसवावी लागेल. घरातलं कुणी देईल का?"

आमच्या ह्यांना साखरेचा आजार, त्यांची किडनी दारातूनच परत. मुलाचा रक्तगट जुळेना. मग जुळलं कुणाचं? वन्संचं! ना रक्ताचं नातं, ना स्वभावाचं. डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा उलटसुलट करून बघितला. शंभर घरांत एखाद्या घरी असं होतं म्हणे. होणार, आमच्याच घरी होणार.

वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या आणि आमच्याच जिन्यावरच्या खोलीत राहतात. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, पण मी त्यांना 'अहो' म्हणते आणि त्या मला 'अगं'. ही रीत कुणी घातली मला विचारू नका, मी घातली असती तर उलटी घातली असती. आमचं मोठं भांडण असं कधी झालंच नाही. आमचं बारीक आणि रोजचं. शर्टाच्या टिपेसारखं, इंचाला बारा.

"दोन आहेत," वन्सं डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या. "त्यातली एक नुसती बसून असते. काढून घ्या."

"घाई नको. मोठा निर्णय आहे, घरी जाऊन शांतपणे विचार करा."

"घरी गेले की विचार करायला वेळ नसतो मला. कपडे वाळत घातलेत, आभाळ आलंय. सही कुठं करायची ते सांगा." आणि मग माझ्याकडे वळून, "वहिनी, एकच मिळेल हं. ही बिघडवलीस तर बदलून मिळणार नाही."

तर अशी ती किडनी आली. त्या दिवसापासून रोज सकाळी आठला आणि रात्री आठला गोळ्या, जन्मभरासाठी. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं. अंगात आपले पहारेकरी असतात. दिसेल त्याची ओळख तपासतात, परकं निघालं की फाडून खातात. म्हणून तर आपण जगतो. पण वन्संची किडनी कितीही गुणाची असली तरी त्यांच्या लेखी ती बाहेरची. तेव्हा या गोळ्या पहारेकऱ्यांना पेंगत ठेवायच्या.

"म्हणजे वन्संना घरात ठेवायचं तर बाकी सगळ्यांना गुंगी द्यायची," मी म्हटलं. "एवढं सोपं होतं, आम्हाला आधी सुचलं नाही."

"हसवू नकोस गं," शेजारच्या पलंगावरून आवाज आला. "टाके दुखतात."

आठ महिने कसे सुखात गेले. मी जिना चढायची, उतरायची, मुद्दाम परत चढायची. आणि नवव्या महिन्यात डाव्या बरगडीखाली आग पेटली. आधी नुसती आग, मग लाल पट्टा, मग त्यावर टपोरे फोड. नागीण! मी सात वर्षांची असताना मला कांजिण्या आल्या होत्या, त्या कधी गेल्याच नव्हत्या म्हणे. पाठीच्या कण्याजवळ एका नसेच्या मुळाशी दडून बसल्या होत्या, साठ वर्षं. भाडं न देता. पहारेकरी पेंगायला लागले तशा बाहेर आल्या. एरवी नागीण एका पट्ट्यावर थांबते, माझी थांबेना. पाठभर पसरली, खांद्यावर चढली आणि ताप एकशेचारला जाऊन बसला.

मला दवाखान्यात ठेवलं. डॉक्टरीणबाई पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून म्हणाल्या, "नागिणीचं औषध सलाईनमधून चालू केलंय. पण पहारेकरी झोपलेले असताना एकटं औषध पुरं पडायचं नाही. गोळ्या काही दिवस कमी कराव्या लागतील."

"म्हणजे ते जागे होणार," वन्सं म्हणाल्या.

"हो. आणि जागे झाले की त्यांना किडनीही दिसणार. रोज रक्त तपासू. आकडा चढायला लागला तर समजायचं, किडनीवर हात टाकला."

वन्संनी माझ्या पायावरचा चादरीचा कोपरा उचलला, झटकला आणि पुन्हा होता तसाच ठेवला.

मला मरणाची भीती वाटत होती का? वाटत होती, खोटं कशाला बोलू. पण त्याहून मोठी टोचणी दुसरीच. या बाईनं स्वतःचं अंग चिरून वस्तू दिली. ती माझ्या घरात आली, आठ महिने मान खाली घालून काम केलं, आणि माझ्याच माणसांनी तिला फाडून टाकलं, हे मी वन्संना कुठल्या तोंडानं सांगणार होते?

दुपारची वेळ होती. खोलीत पिवळं ऊन होतं, सलाईनच्या बाटलीत बुडबुडा चढत होता, खाली थेंब पडत होता. टप. टप. मी थेंब मोजायला लागले. एक, दोन, तीन, आणि चौथ्या थेंबाबरोबर मी नळीत शिरले. विश्वास ठेवायचा तर ठेवा. नाही ठेवलात तरी मी शिरलेच.

मोहरीच्या दाण्याहून बारीक झाले होते मी. नळीतून घसरत घसरत मनगटापाशी आले, आणि सुईच्या तोंडातून बुडुक्कन आत. आत ना सकाळ ना संध्याकाळ. सगळीकडे डाळिंबाच्या दाण्यातून बघावं तसा उजेड, आणि तो उजेड पाळण्यासारखा हलायचा. दूर कुठं तरी माझंच काळीज मोगरी आपटल्यासारखं वाजत होतं. लाल लाल हमाल पाठीवर हवेची गाठोडी घेऊन चाललेले, "बाजू! बाजू!" कुणी वर मान करून बघेना. म्हटलं, काय माणसं आहेत, मालकीणबाई स्वतः आल्यात आणि साधं 'या' म्हणत नाहीत!

काठाला एक प्रचंड बाई पसरली होती. हाड म्हणून नाही अंगात. कपड्याची खळ सांडावी तशी स्वतःला पुढे ओतायची आणि त्यालाच चालणं म्हणायची. चालता चालता खात होती. एक मेलेला हमाल खाल्ला, लहानपणी तळहातात मोडलेलं कुसळ सापडलं ते खाल्लं, मग माझ्यावर एक हात ओतला.

"कोण गं तू? बटणं बघू तुझी."

"कसली बटणं?"

"अंगावरची. या घरातल्या सगळ्यांना एकाच छापाची बटणं असतात. मी डोळ्यांनी बघत नाही, चाचपते." तिनं मला खालपासून वरपर्यंत चाचपलं. "घरचीच आहेस. म्हणजे खाता यायची नाही." तोंड पडलं बिचारीचं.

मी तिला मावशी म्हणायला लागले. खाणाऱ्या बाईशी नातं जोडलेलं बरं. मावशीच्या बाहीला एक हिरवट चिंधी टाचलेली होती. विचारलं, तर म्हणाली, "आज एक चोर खाल्ला, त्याचा तुकडा. पेंगत होते बाई इतके महिने, आज कुठं जाग आली. आता गाठीत जाऊन दाखवायचा. त्याला ओळखणारा कुणी असला तर उठेल."

तिच्या पाठीवर बसून मी काखेतल्या गाठीत गेले. तुम्ही ताप आल्यावर काखेत, जबड्याखाली हात लावता ना, तिथं सुपारीएवढ्या गाठी लागतात, त्यातलीच एक. बाहेरून सुपारी, आतून केवढी जागा! बाकांच्या रांगाच रांगा, आणि बाकांवर बोराएवढे पहारेकरी बसलेले. हात नाही, पाय नाही, सगळं डोकंच. सगळे पेंगत होते.

"यातला प्रत्येक जण फक्त एकच चेहरा ओळखतो," मावशी म्हणाली. "जन्मभर तेवढ्या एकाची वाट बघत बसायचं. बहुतेकांना तो भेटतच नाही."

"हा कुणाला ओळखतो?" मी पहिल्याच बाकावरच्याला बोट दाखवलं.

"हा? एका रोगाला. तो रोग अजून जगात आलेलाच नाही."

"मग हा कशाला बसलाय?"

"आला तर?"

मला एकदम भरून आलं. केवढा पसारा माझ्या काखेत, आणि मी काखेकडे घामापलीकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. मावशी सांगत होती, छातीच्या हाडामागं पूर्वी यांची शाळा होती. शंभर पोरं शिरायची, दोन-तीन पास होऊन बाहेर पडायची. घरच्यावर हात उचलला की नापास. एवढं कडक चेकिंग तर आमच्या कारखान्यातही नव्हतं.

"आणि नापासांचं काय व्हायचं?"

"मी खायचे," मावशी लाजून म्हणाली. "आता शाळा मोडली. नुसती चरबी साठलीय तिथं."

मावशी चिंधी घेऊन बाकाबाकांवरून फिरली. हा नाही, तो नाही, पुढचा नाही. शेवटून दुसऱ्या रांगेत एक म्हातारा होता, सगळ्यांत गाढ झोपलेला. चिंधी त्याच्या नाकाला लागली मात्र, ताडकन उठला.

"ही तर ती! कांजिण्या!" माझ्याकडे वळला. "तू सात वर्षांची होतीस. खाजवू नये म्हणून आईनं तुझ्या हातांना मोजे बांधले होते. तू रडलीस, तर तिनं स्वतःच्याही हातांना बांधले."

हे मी विसरले होते. साठ वर्षं हा म्हातारा माझ्यासाठी तेवढं आठवत बसला होता.

"आच वाढवा!" म्हातारा ओरडला. ताप रोगाचा नसतो हे तेव्हा मला कळलं. ताप आपलाच, आपलीच माणसं पळता यावं म्हणून चूल पेटवतात. म्हाताऱ्यानं अंग ताणलं आणि एकाचा दोन झाला. दोनाचे चार, चाराचे आठ. बघता बघता म्हाताऱ्यांचा मोर्चा निघाला डाव्या बरगडीकडे. मागच्या बाजूला कारागीर बेचक्या पाडायला बसले, झाडाच्या दुफाटलेल्या फांदीच्या असतात तशाच, पण सेकंदाला हजार. त्या बेचक्या नदीत सोडायच्या, त्या जाऊन चोरांना चिकटायच्या, आणि चिकटलेला चोर मावशीच्या जातीला लांबूनच दिसायचा. काय तो थाट! मी टाळ्या वाजवणार, तेवढ्यात कोपऱ्यातल्या बाकावर आणखी एकानं डोळे उघडले.

"आणि हा गं कुणाचा चेहरा ओळखतो?"

मावशीनं अंग आवरून घेतलं. "तुझ्या उजव्या कुशीत जी पाहुणी बसलीय ना, तिची बटणं आपल्यासारखीच आहेत. एकच सोडून. या एकचेहऱ्याला नेमकं ते एकच ठाऊक आहे."

"म्हणजे हा वन्संच्या किडनीवर उठणार!" मी म्हटलं.

"पण त्याची एक रीत आहे," मावशी म्हणाली. "नुसती ओळख पटली म्हणून तो हात उचलत नाही. ओळख पटायची, आणि वर कुणीतरी बोंब ठोकायची, घात झाला, घर फुटलं म्हणून. दोन्ही झालं तर मारतो. बोंब आलीच नाही, तर वाट बघून बघून त्याला पेंग येते, आणि मग तो त्या चेहऱ्यासाठी पुन्हा उठत नाही."

"आणि बोंब कोण ठोकतं?"

"बहुतेक मीच."

"मावशी," मी म्हटलं, "डाव्या बरगडीखाली आज पंगत बसतेय म्हणे. तुम्हाला कुणी बोलावलं नाही वाटतं?"

अशी काही ओतली गेली मावशी, की निरोप घ्यायचंही राहिलं. आणि मी धावत सुटले उजव्या कुशीकडे.

वन्संची किडनी मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. हुबेहूब टेलिफोन एक्स्चेंज! लाखो बारीक नळ्या, प्रत्येक नळीच्या तोंडाशी केसांच्या गुंतवळासारखा रक्ताचा झुबका. नदी आत यायची आणि आतून शांत, एकसुरी आवाज चाललेला, "हे ठेवा. हे सोडा. पाणी ठेवा. मीठ सोडा. लाईनवर राहा." एक क्षण उसंत नाही. मी दारात बसले.

एकचेहऱ्या आला. सावकाश, गडगडत. मला ओलांडून त्यानं किडनीच्या भिंतीला डोकं लावलं, आणि बराच वेळ तसाच राहिला.

"हीच," तो म्हणाला. "जन्मभर हिची वाट बघितली."

इतक्या प्रेमानं वन्संकडे आजवर कुणी बघितलं नव्हतं.

"कुणी ओरडलं का?" त्यानं विचारलं.

"नाही बाई. सगळं शांत आहे."

"मग थांबतो." माझ्या शेजारी बसला. "कशी आहे ही?"

आता आली का पंचाईत! वन्संबद्दल बोलायचं आणि आवाज चढू द्यायचा नाही. चांगलंच बोलायचं. मी आठवायला लागले. आठवतेय, आठवतेय, काही सापडेना. "केस चांगले आहेत," मी शेवटी म्हटलं. "कुरळे."

"मग?"

"मग त्याची गोष्ट आहे." गोष्ट म्हटली की मी मोकळी झाले. त्याला सांगितलं, एकदा वादळ आलं आणि एक्स्चेंजची मुख्य तार तुटली. सगळं गाव मुकं. तेव्हा वन्संनी तुटलेलं एक टोक उजव्या हातात धरलं, दुसरं डाव्या, आणि तीन तास गावाचं सगळं बोलणं यांच्या अंगातून वाहत होतं. कुणाचं लग्न ठरलं, कुणी मेलं, कुणी नुसतंच 'जेवलीस का' विचारलं, सगळं यांच्या छातीतून आरपार. तोपर्यंत केस सरळ होते, तेव्हापासून कुरळे.

एकचेहऱ्या गुंग झाला. गोष्ट संपवून मी गप्प बसायला हवं होतं. पण जिभेला हाड नाही.

"आणि तेव्हापासून बाईला वाटतं, बोलण्याचा मक्ता एकटीचाच!" मी म्हटलं. "मी तोंड उघडलं की यांचं वाक्य आडवं आलंच! चाळीस वर्षांत मला एक वाक्य म्हणून पुरं करू दिलेलं नाही!"

माझा आवाज भिंतीवर आपटून परत आला. एकचेहऱ्या उठून उभा राहिला होता.

"बोंब आली," तो म्हणाला, आणि भिंतीला डोकं टेकवून त्यानं तिला भोसकलं.

एक झुबका विझला. मग शेजारचा. आतला आवाज अडखळला, "हे ठेवा... हे... लाईनवर..." बाहेर त्या दिवशी रक्ताचा आकडा एक पॉइंट दोनवरून एक पॉइंट आठवर गेला, ते मला मागाहून कळलं.

"थांब!" मी आडवी पडले. "अरे मेल्या, ती बोंब नव्हती!"

"आवाज चढला होता तुझा. आणि ही परकी आहे."

"परकी? परक्या बाईबद्दल कुणी एवढं बोलतं का? समोरच्या घरातली बाई रोज पहाटे भांडी आपटते, तिचं नाव तरी ठाऊक आहे का मला? कारखान्यात अडीचशे बायका होत्या, एकीबद्दल मी दोन दिवसांच्या वर बोलले नाही. जिच्याबद्दल माणूस चाळीस वर्षं रोज बोलतं, ती परकी कशी असेल? बोंब चोराच्या नावानं मारतात. हे गाऱ्हाणं आहे. घरच्या माणसाचं असतं ते."

एकचेहऱ्या विचारात पडला. "शाळेत हे शिकवलं नाही."

"शाळा लवकर मोडली तुमची."

"मग ऐकव," तो म्हणाला. "खोटं असेल तर दोन वाक्यांत संपेल. संपलं की मी उठेन."

आणि त्यानं डोकं भिंतीला टेकवूनच ठेवलं. तिसऱ्या झुबक्याला.

मी पदर खोचला. "ऐक तर. माझी कापड कापायची कात्री. तिनं वन्सं कागद कापतात. हजारदा सांगितलं. कापडाच्या कात्रीनं कागद कापला की कात्री मेली. तर म्हणतात, 'मेली कुठं, चालतेय की.' ओला टॉवेल माझ्या खुर्चीवर. त्यांची खुर्ची रिकामी असते, तरी माझ्याच. खोलीतून जाताना पंखा बंद करतात. मी आत बसलेली असते! वर्तमानपत्रातलं शब्दकोडं माझ्या आधी उठून सोडवतात, तेही पेनानं. माझ्या बाळंतपणात यांनी तीन महिने माझं सगळं केलं, आणि कपड्यांच्या घड्या? सगळ्या उलट्या. कपाट उघडलं की अजून मला कुणाच्या तरी घरात आल्यासारखं होतं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी रडत होते, तर जवळ येऊन काय म्हणाल्या? 'वहिनी, माझी किडनी खारट खात नाही, सवय लाव.' हे बोलणं झालं? मग रात्रभर माझा हात धरून बसल्या, आणि हात तरी कसा, घट्ट, मुंग्या आल्या मला..."

बोलत राहिले. बोलता बोलता माझा आवाज आपोआप त्या रोजच्या पट्टीत गेला, सुई खाली, सुई वर, इंचाला बारा. डाव्या बाजूनं लांबून म्हाताऱ्यांचा गलका येत होता, तोही हळूहळू विरला. किती वेळ गेला कोण जाणे. नदीचा उजेड हलत होता. सत्रावं का अठरावं गाऱ्हाणं चालू असताना एकचेहऱ्यानं जांभई दिली.

मला नवल वाटलं नाही. आमच्या ह्यांना चाळीस वर्षं याच आवाजावर झोप लागते.

"मग?" तो पुटपुटला. "टॉवेलचं... पुढं..."

"टॉवेलचं पुढं काय व्हायचं? वाळला की घडी घालतात. उलटी."

त्याचं डोकं भिंतीवरून घसरलं आणि माझ्या मांडीवर आलं. बोराएवढं डोकं, कोमट. विझलेला दुसरा झुबका पुन्हा लाल झाला. आतून वन्संचा आवाज आला, सावकाश, मग नेहमीसारखा. "हे ठेवा. हे सोडा. पाणी ठेवा."

मी डोळे उघडले तेव्हा सकाळ होती. खिडकीशी वन्सं पाठमोऱ्या उभ्या होत्या, हातात दवाखान्यातलं लघवी मोजायचं भांडं. उन्हासमोर धरून रेघा वाचत होत्या, एखाद्या दागिन्याची पारख करावी तशा.

"साडेतीनशे!" त्या दाराकडे तोंड करून ओरडल्या. "डॉक्टरीणबाई, लाईन चालू आहे!"

डॉक्टरीणबाई आल्या. आकडा एक पॉइंट तीन. फोडांवर खपल्या धरल्या होत्या, ताप उतरला होता. त्या म्हणाल्या, गोळ्यांचं प्रमाण नेमकं जमलं, औषधही लागू पडलं, उद्यापासून गोळ्या पुन्हा पहिल्यासारख्या. बरं, म्हणू देत. हुशार बाई आहे, पण आत कुठं आली होती?

त्या गेल्यावर वन्संनी खुर्ची ओढली. खुर्चीच्या पाठीवर ओला टॉवेल होता. डोळे लाल होते त्यांचे, दोन रात्री पाठ टेकली नसावी.

"दोन दिवस तोंड बंद नव्हतं तुझं तापात," त्या म्हणाल्या. "माझ्याच नावानं खडे फोडत होतीस. कात्री काय, पंखा काय. नर्स म्हणाली, आजी, तुम्ही बाहेर बसा, वाईट वाटेल. म्हटलं, अगं बोलू दे. ही बोलतेय तोवर भांडं भरतंय. गप्प झाली की मला धडकी भरते."

"सगळं ऐकलंत?"

"सगळं. मोजलं. सव्वीस झाली." वन्सं पुढे झुकल्या, माझ्या उजव्या कुशीवर चादरीवरूनच तळवा ठेवला आणि तिथंच राहू दिला. "वहिनी, पडद्यांचं राहिलं."

"कुठले पडदे?"

"तू माहेरी गेली होतीस आणि मी तुझे निळे पडदे न विचारता धुऊन आटवले होते. गुडघ्यापर्यंत आले होते. कशी विसरलीस? वर्षभर बोलत होतीस."

खरंच की. विसरले होते. मी डोळे मिटले. मांडीवरचं ते कोमट डोकं जरासं हललं, कूस बदलल्यासारखं.

"ते पडदे ना," मी हळू आवाजात सुरू केलं, "आधी तर ते धुवायचे नव्हतेच मुळी..."